सत्तर पॉइंट, एक मुद्दा

ऑक्टोबर उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास वाढतात. एक उकाडा, आणि दुसरी म्हणजे ऑफिसच्या ग्रुपवर येणारे ऑनसाइटवाल्यांचे फोटो. आपण हिंजवडीच्या सिग्नलला एसी फुल करून बसलेलो असतो आणि तिकडून फोटो येतो. लाल, केशरी, पिवळ्या झाडांनी भरलेला डोंगर, पुढे दगडी कठडा, कठड्यावर बसलेला आपलाच टीममेट आणि त्याच्या अंगात नवंकोरं जॅकेट. खाली दोनच शब्द, ‘फॉल कलर्स!’ आपण अंगठा दाखवतो, मनातल्या मनात चार शब्द बोलतो आणि फर्स्ट गियर टाकतो.

आता तो कठडा नेमका कुठला, हे दर वेळी सांगता येणार नाही. पण टीममेट वॉशिंग्टन डीसीच्या आसपास असेल, तर उत्तर बहुतेक एकच असतं : स्कायलाइन ड्राइव्ह. डीसीच्या पश्चिमेला व्हर्जिनियात रेस्टन, हर्नडन, अ‍ॅशबर्न अशी गावं आहेत. तिथे आयटी आणि टेलिकॉमच्या कंपन्या आहेत, डेटा सेंटर्स आहेत आणि त्यांच्या मागोमाग गेलेली आपली मंडळीही आहेत. तिथून तास-दीड तासावर फ्रंट रॉयल नावाचं छोटं गाव लागतं. या गावाच्या टोकाला रस्ता सुरू होतो.

या वेळचा आपला ड्राइव्ह तिथला. ऑनसाइट असाल तर सरळ गाडी काढा. नसाल तर वाचून ठेवा, व्हिसाचं काय सांगता येतं? आणि हो, परतताना मुळशीवरूनही एक चक्कर आहे. व्हर्जिनियाहून मुळशीला कसं काय, ते पुढे कळेल.

कण्यावरचा रस्ता

आधी एक गैरसमज काढून टाकू. ड्राइव्ह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घाट येतो. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी. घाटाचं काम सरळ असतं. एका बाजूने यायचं, खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या बाजूने कोकणात उतरायचं. स्कायलाइन ड्राइव्हला कुठे पोचायची घाई नाही. तो ब्लू रिज नावाच्या डोंगररांगेवर चढतो आणि मग तिच्या कण्यावरूनच चालत राहतो. किती? १०५ मैल, म्हणजे १६९ किलोमीटर. उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालात तर डावीकडे पूर्व व्हर्जिनियाचा टेकड्याटेकड्यांचा सखल मुलूख आणि उजवीकडे शेनांडोआ नदीचं खोरं. नदी तर अशी वळणं घेते की कुणी दोरी भिरकावून दिली असावी.

अख्खा रस्ता शेनांडोआ नॅशनल पार्कच्या आत आहे. त्यामुळे होर्डिंग नाहीत, टपऱ्या नाहीत, मागून हॉर्न मारणारा ट्रक नाही. स्पीड लिमिट ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर. हायवेवर ७० मैलांची सवय लागलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं वाटतं, गाडीत काही बिघाड झालाय. मग समोरून एक हरिणी दोन पिल्लांना घेऊन आरामात रस्ता ओलांडते आणि ३५ चं कारण कळतं. नशीब असेल तर काळं अस्वलही दिसतं. तेव्हा मात्र काचा वर.

या रस्त्यावर सत्तरच्या आसपास ओव्हरलुक आहेत. ओव्हरलुक म्हणजे आपल्या महाबळेश्वरचे पॉइंट. फरक इतकाच, की मक्याची कणसं नाहीत, स्ट्रॉबेरी विथ क्रीम नाही आणि घोडेवाले तर नाहीतच. गाडी लावायला जागा, बुटका दगडी कठडा, एखादी पाटी आणि पलीकडे दरी. बस्स.

प्रत्येक गाडीत एक जण असा असतोच, ज्याला सगळीकडे थांबायचं असतं.

‘अरे थांब, थांब! पॉइंट आला!’

‘आत्ताच तर थांबलो होतो ना यार. तोच डोंगर आहे.’

‘तोच नाहीये. अँगल बघ ना!’

या मित्राला एकदा गणित करून दाखवा. सत्तर पॉइंट, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे जवळपास बारा तास नुसतं थांबण्यात. न थांबता गाडी चालवली तरी तीन तास लागतातच. तेव्हा निवड करा. आणि जाता जाता त्या मित्राला हेही सांगा, की पार्कमधलं सर्वांत उंच शिखर हॉक्सबिल, उंची साधारण ४,०५० फूट. आपला सिंहगड त्याहून उंच आहे. उगाच कॉलर ताठ करायला तेवढंच निमित्त!

पानं रंगतात कशी?

उंची आपली जास्त, मग रंग त्यांच्याकडे कसे? याचं उत्तर थंडीत आणि दिवसाच्या लांबीत आहे.

पानात हरितद्रव्य असतं, म्हणून ते हिरवं दिसतं, हे आपण शाळेत घोकलंय. हे हरितद्रव्य सारखं मोडत असतं आणि झाड ते सारखं नवीन बनवत असतं. दिवस लहान व्हायला लागले, की झाड हिशेब करतं. पुढचे चार महिने ऊन कमी, जमीन गारठलेली, मग पानांचा खर्च कशाला? नवीन हरितद्रव्य बनणं बंद. पानातला कामाचा माल खोडात परत घेतला जातो आणि हिरवा थर उतरला की त्याच्याखाली उन्हाळाभर दडलेला पिवळा आणि केशरी रंग वर येतो. हिकरी आणि ट्यूलिप पॉपलर ही झाडं पिवळीधमक होतात ती अशी.

लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो आधीपासून पानात नसतो. पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून तो शेवटच्या दिवसांत नव्याने बनतो. त्याचं नाव अँथोसायनिन. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा, पण बर्फ गोठवणारी थंडी नाही, असं आठ-दहा दिवस मिळालं तर लाल रंग सॉलिड चढतो. ढगाळ राहिलं किंवा वादळी पाऊस झाला, तर त्या वर्षी फोटो जरा फिके. रेड मेपल, ब्लॅक गम, डॉगवूड ही लाल पार्टी. ओकची झाडं मात्र सगळ्यांत शेवटी आणि तांबूस-तपकिरी.

रंग वरून खाली उतरतो, हेही लक्षात ठेवण्यासारखं. उंचावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरुवात होते आणि खालच्या उतारांवर महिना संपत आला तरी हिरवं शिल्लक असतं. त्यामुळे एकाच पॉइंटवरून एकाच नजरेत माथा लाल, मध्ये पिवळा आणि तळाशी हिरवा असा तिरंगी डोंगर दिसू शकतो.

आपल्याकडे हे होत नाही असं मात्र समजू नका. फक्त उलटं होतं. आपल्या जंगलात पानगळ होते ती थंडी सरता सरता, कोरड्या दिवसांत, कारण आपल्या झाडांना चिंता बर्फाची नसून पाण्याची असते. आणि मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुंबाचं झाड बघा. अख्खं लालभडक. तो रंग म्हाताऱ्या पानांचा नसतो, नुकत्याच फुटलेल्या पालवीचा असतो. रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन. त्यांच्याकडे पान जाताना लाल होतं, आपल्याकडे येताना.

कुठे थांबायचं?

मैलांचे दगड उत्तरेकडून मोजलेले आहेत. फ्रंट रॉयलला शून्य, दक्षिणेला रॉकफिश गॅपला १०५. सगळे पत्ते मैलांतच सांगतात, ‘४४ ला भेटू’ असं.

सुरुवात १७ व्या मैलावरच्या रेंज व्ह्यूपासून करा. नावाप्रमाणे इथे एकामागे एक डोंगररांगा दिसतात, जवळची गडद, मग निळी, मग त्याहून निळी. ब्लू रिज हे नाव का पडलं ते न विचारता कळतं. पुढे २१ च्या आसपास हॉगबॅक. हा लांबलचक पॉइंट आहे आणि नदीची वळणं बघायला झकास. ३२ व्या मैलाला मेरीज रॉक बोगदा. १९३२ साली खडक फोडून काढलेला, उंची १२ फूट ८ इंच. गाडीत एक जण ‘कसारा घाट आठवला’ म्हणतोच.

३६ ते ५१ हा पट्टा सगळ्यांत उंच आणि ऑक्टोबरात सगळ्यांत गर्दीचा. ४४ वर क्रेसेंट रॉक. इथून समोर हॉक्सबिल दिसतं. ५१ ला बिग मेडोज, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं मोठं गवताळ पठार. शरदात गवत आणि ब्लूबेरीची झुडपं तांबडी होतात आणि संध्याकाळी हरणं चरायला येतात. इथे आणि अलीकडच्या स्कायलँडला खायला मिळतं. शाकाहारी मंडळींना फार निवड नाही, पण ब्लॅकबेरी आइस्क्रीम पाय नावाचा जो प्रकार मिळतो, तो एकाने मागवायचा आणि चौघांनी चमचे घालायचे.

इथपर्यंत वाचून पुरेसं वाटलं तर तुमचा ड्राइव्ह मस्तच होईल. पण बिग मेडोजला पायबरोबर आणखी अर्धा तास काढा. तिथल्या व्हिजिटर सेंटरमध्ये एक प्रदर्शन आहे. ते बघून बाहेर आलात की उरलेले पॉइंट वेगळे दिसायला लागतात.

कठड्यापलीकडे

इंग्रजीत ‘ओव्हरलुक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, वरून पाहण्याची जागा. दुसरा, समोर असूनही नजरेतून सुटणं. स्कायलाइन ड्राइव्हला दोन्ही लागू पडतात.

कठड्यावर बसून आपण जे बघतो, त्याला आपण मनात नाव देतो ‘जंगल’. अनादी काळापासूनचं, माणसाचा हात न लागलेलं. प्रत्यक्षात शंभर वर्षांपूर्वी या उतारांवर मक्याची शेतं होती, सफरचंदाच्या बागा होत्या, गुरांची कुरणं होती. दऱ्यांमध्ये लाकडी घरं होती, शाळा होत्या, चर्च होती. तिथे अशा दरीला ‘हॉलो’ म्हणतात आणि बऱ्याच हॉलोंना तिथे राहणाऱ्या घराण्याचं नाव होतं. निकल्सन हॉलो, कॉर्बिन हॉलो. आपल्याकडे मोरेवाडी, शेलारवाडी असते ना, तस्संच.

झालं असं, की १९२० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व भागात एक मोठं नॅशनल पार्क हवं असं ठरलं. पश्चिमेकडची पार्कं सरकारी जमिनीवर झाली होती. इथे जमीन खासगी. १९२६ साली अमेरिकन काँग्रेसने मंजुरी दिली, पण एका अटीवर. जमीन व्हर्जिनिया राज्याने मिळवायची आणि केंद्राला फुकट द्यायची. मग १९२८ साली राज्याने कायदा केला आणि आठ काऊंटींतल्या जमिनी सरसकट ताब्यात घेण्याचा रस्ता मोकळा झाला. एकेकाशी वाटाघाटी करत बसायला नको.

दरम्यान रस्त्याचं काम १९३१ साली सुरूही झालं. १९३० ला तिथे मोठा दुष्काळ पडला होता, त्यामुळे सुरुवातीला या कामावर आसपासच्या शेतकऱ्यांना मजुरी मिळाली. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात लोक रोजगार हमीवर खडी फोडायला गेले, तसंच हे दुष्काळी काम. ज्या रस्त्यासाठी आपलं घर जाणार, तोच रस्ता खणून त्यांनी त्या वर्षी पोट भरलं.

त्याआधी आणखी एक मार बसला होता. या डोंगरांवर चेस्टनटची झाडं प्रचंड होती. शरदात चेस्टनट गोळा करायचे, विकायचे आणि हिवाळ्यासाठी मुलांना बूट घ्यायचे, हे कित्येक घरांचं अर्थकारण. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये एक बुरशी सापडली आणि काही दशकांत तिने अमेरिकेतली चेस्टनटची जंगलं संपवली. म्हणजे सरकारी माणूस दारात आला, तेव्हा यांचा ऑक्टोबर आधीच गेलेला होता.

आधी लोकांना वाटत होतं, आपल्याला राहू देतील. १९३४ साली ठरलं, की सगळ्यांनी जायचं. एका जमीनमालकाने सुप्रीम कोर्टापर्यंत केस नेली. १९३५ साली तो हरला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला पार्क अधिकृतपणे अस्तित्वात आलं. सुमारे पाचशे कुटुंबांना डोंगर सोडावा लागला. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना किंमत मिळाली. पण अनेक जण कुळं होते, त्यांना जमिनीचं काहीच मिळालं नाही. काहींना सरकारने पायथ्याशी घरं दिली. काही वृद्धांना मरेपर्यंत राहायची परवानगी मिळाली. त्यांतल्या शेवटच्या अ‍ॅनी शेंक १९७९ साली गेल्या.

हे सगळं होत असताना या लोकांची बाजू मांडणारे कमी आणि त्यांना मागास ठरवणारे जास्त होते. १९३३ साली ‘हॉलो फोक’ नावाचं पुस्तक आलं. त्याने या दऱ्यांतल्या माणसांचं चित्र असं रंगवलं, की वाचणाऱ्याला वाटावं, यांना हलवलं तर यांचंच भलं होईल. पण ही माणसं स्वतः काय म्हणत होती, तेही कागदावर आहे. त्यांनी पार्कच्या अधिकाऱ्यांना लिहिलेली पत्रं जपली गेली आणि कॅट्रिना पॉवेल यांनी ती ‘आन्सर अ‍ॅट वन्स’ या नावाने २००९ साली पुस्तकरूपात आणली. पत्रांतल्या मागण्या वाचून गलबलतं, कारण त्या इतक्या साध्या आहेत. शेजारचं घर रिकामं झालंय, त्याची दारं-खिडक्या काढून नेऊ का? पेरलेलं पीक काढेपर्यंत थांबू का? झाडावरची सफरचंदं उतरवू का? काल-परवापर्यंत जे आपलं होतं, त्यासाठी अर्ज.

रिकामी घरं मग पाडली किंवा जाळली गेली. हे काम बऱ्याच अंशी सीसीसीच्या मुलांनी केलं. मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेकार तरुणांसाठी ही योजना आणली होती. सुरुवातीला वय १८ ते २५, महिना ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी जायचे. म्हणजे हातात पाच! पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवणाऱ्या कुणालाही या मुलांबद्दल आपुलकी वाटेल. आपण ज्यावर बसून फोटो काढतो ते दगडी कठडेही याच पोरांनी रचले आणि रस्त्याकडेची असंख्य झाडंही त्यांनीच लावली. कुणी व्हिलन शोधायला गेलात तर तो इतक्या सहज सापडत नाही.

आणि पार्क सगळ्यांसाठी होतं, असंही नाही. व्हर्जिनियात तेव्हा वर्णभेद कायद्याने होता. ५७ व्या मैलानंतर लुईस माउंटन लागतं. आज तिथे छोटंसं कॅम्पग्राउंड आणि केबिन आहेत. १९३९ साली ती जागा उघडली ती फक्त कृष्णवर्णीयांसाठी, म्हणजे बाकीच्या ठिकाणी त्यांनी यायचं नाही यासाठी. ही वेगळी व्यवस्था संपायला १९५० उजाडलं. आज आपल्यासारखा सावळा माणूस तिथे कुठल्याही पॉइंटवर निवांत पाय पसरून बसतो, तेही कुणीतरी मिळवून ठेवलेलं आहे.

मग जायचं की नाही?

जायचं! शंभर टक्के जायचं. कारण गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जंगल परत आलं. नांगरलेल्या आणि तोडलेल्या डोंगरांवर आज पार्कचा सुमारे ९५ टक्के भाग झाडांनी झाकलेला आहे. अस्वलं परतली. १९७६ साली पार्कचा जवळपास चाळीस टक्के भाग कायद्याने ‘वाइल्डरनेस’ म्हणून जाहीर झाला. कुणाच्या तरी आजोबांचं शेत दोन पिढ्यांत अधिकृत अरण्य झालं. झाडं इतकी वाढली, की काही पॉइंटवर दरी दिसावी म्हणून पार्कलाच ती छाटावी लागतात. त्या जागी जंगल राहिलं नसतं तर राजधानीच्या इतक्या जवळ काय झालं असतं, ते लोणावळ्याच्या सेकंड होम्सच्या जाहिराती वाचणाऱ्याला सांगायला नको.

पण जंगल वाचलं ही गोष्ट खरी म्हणून घरं गेली ही गोष्ट खोटी होत नाही. अमेरिकेने निदान आता ती सांगायला सुरुवात केली आहे. बिग मेडोजचं प्रदर्शन पार्कचंच आहे. पायथ्याच्या काऊंटींमध्ये अलीकडच्या वर्षांत दगडी धुराड्यांची स्मारकं उभी राहिली आहेत. धुराडंच का? कारण लाकडी घर गेलं की तेवढंच उभं राहायचं. त्यावर गेलेल्या घराण्यांची आडनावं कोरलेली आहेत. पार्कच्या हद्दीत शंभराहून जास्त जुनी कौटुंबिक दफनस्थानं आहेत आणि नातवंडं-पतवंडं अजून तिथे फुलं घेऊन येतात.

आता मुळशी. पावसाळा ते ऑक्टोबर पुण्याहून सर्वांत जास्त गाड्या ज्या रस्त्याने सुटतात, तो पौड-मुळशी-ताम्हिणीचा. डावी-उजवीकडे हिरवे डोंगर, मध्ये पसरलेलं निळं पाणी, कडेला भजी. आपणही तिथे गाडी लावून तसेच फोटो काढतो. ते पाणी धरणाचं आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी बांधलेल्या या धरणात मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांची गावं आणि भातखाचरं जाणार होती, म्हणून १९२१ साली रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांत त्याची गणना होते. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांचं. लढा हरला, धरण झालं, पण लोकांनी बापटांना एक पदवी दिली : सेनापती.

पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर किती जणांचं ऑफिस आहे? मुंबईत लोअर परळहून दादरला जाताना सेनापती बापट मार्गावर रोज किती जण अडकतात? नाव तोंडात असतं, पत्त्यात असतं, कॅब बुक करताना असतं. ते कुठून आलं, हे शनिवारी ज्या पाण्यासमोर आपण सेल्फी काढतो तिथे लिहिलेलं नाही. व्हर्जिनियात निदान पाटी आहे.

म्हणून यंदा कुठल्याही पॉइंटवर गेलात तर एकच करा. फोटो काढा, चहा प्या आणि मग जवळपासच्या कुणा वयस्कर माणसाला विचारा, ‘काका, खाली आधी काय होतं हो?’ बहुतेक वेळा उत्तर मिळतं, आणि ते फोटोपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

डिकीत टाकण्याआधी

• कधी : ऑक्टोबरचा दुसरा ते चौथा आठवडा. शनिवार-रविवारी दुपारी प्रवेशद्वारावर लांब रांगा लागतात. रजा टाकून मंगळवार-बुधवार गाठा, नाहीतर सूर्य उगवायच्या आधी पोचा.

• किती : एका दिवसात १०५ मैल करायचा हट्ट नको. फ्रंट रॉयल ते बिग मेडोज हा निम्मा रस्ता पुरेसा आहे. दक्षिण टोकाला पोचलात तर तिथूनच ४६९ मैलांचा ब्लू रिज पार्कवे सुरू होतो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी!

• काय न्याल : पेट्रोल फुल, थर्मासमध्ये चहा, पोळीभाजीचा डबा आणि जाडसर स्वेटर. खाली ऊन असलं तरी वर वारा झोंबतो. मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. गाडीमागे प्रवेश फी असते आणि तिची पावती सात दिवस चालते.

• काय चुकवू नका : अगदी सुरुवातीला, ४.६ मैलावर डिकी रिज व्हिजिटर सेंटर आहे. त्याच्या समोरून फॉक्स हॉलोची पायवाट जाते. सव्वा मैलाची गोल चक्कर आहे, चप्पल घालूनही जमेल. वाटेत झाडीमध्ये दगडांचे ढीग दिसतील. ते शेत करताना बांधाला रचून ठेवलेले आहेत. जवळच फॉक्स कुटुंबाचं छोटं दफनस्थान आहे. तिथे दोन मिनिटं थांबा. मग गाडीत बसा आणि पहिल्या पॉइंटकडे निघा.